मनुक्याच्या शाळेतली नंदाबाई

आमच्या घरात इंग्रजी आलं ते माझ्या सासूबाईंच्या पायगुणानं, असं सगळे म्हणत. म्हणताना जरा चाचरत, कारण नंदाबाईंचा उजवा पाय अधू. बोटं वरच्या बाजूला ओढली गेलेली, पावलावरची कातडी चकचकीत आणि गुलाबीसर. चप्पल त्या पायात कधी नीट बसली नाही. लहानपणी भाजला होता एवढंच आम्हाला माहीत. त्या स्वतः त्याविषयी बोलत नसत आणि विचारायची कुणाची टाप नव्हती, कारण बाई होती कान्व्हेंटात शिकलेली.

वडगावात त्यांना कान्व्हेंटवालीच म्हणायचे. त्यांचं माहेर वलवण. वडील अंबाजी साधे भातशेतीवाले. लग्नाची बोलणी चालली तेव्हा मुलीचा पाय बघून वडगावची मंडळी उठायला लागली, तसे अंबाजी म्हणाले, "पायात वाईच खोड हाय, पन पोरगी मनुक्याच्या शाळंत जात हुती." मनुक्याची शाळा म्हणजे लोणावळ्याचं सेंट मोनिका कॉन्व्हेंट. मोनिका हे नाव वलवणच्या बायकांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी ते गोड करून घेतलं. पाहुणे पुन्हा खाली बसले. मेमसायबांच्या शाळेत जाणारी मुलगी त्या काळात आख्ख्या मावळात कुणा शेतकऱ्याच्या घरात नव्हती. माझे सासरे सोपानराव तेव्हा कोवळे होते, दुधाचा रतीब घालायचे. त्यांना तर गगन ठेंगणं झालं.

लग्नात बायकांनी हट्ट धरला की उखाणा इंग्रजीत हवा. नंदाबाईंनी मान खाली घातली आणि सिस्टर लोकांची मारिया मातेची प्रार्थना सुरुवातीपासून आमेनपर्यंत एका दमात म्हणून दाखवली, आणि शेवटी जोडून दिलं, "सोपानरावांचं नाव घेते." मांडवात टाळ्या पडल्या. त्या उखाण्याचा अर्थ काय, असं त्यांच्या सासूनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "समद्यांचं भलं व्हऊ दे, आसं हाय त्यात." फार चुकीचंही नव्हतं ते. आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका तो उखाणा आठवून हसतात. मीही हा किस्सा शाळेतल्या बाईंना कितीदा रंगवून सांगितलाय. आता सांगवत नाही.

मग गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो नंदाबाईंकडे यायचा. तार आली की त्या ती उजेडाकडे धरायच्या, थोडा वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "लगोलग निगा." त्या काळी तार यायची ती एक तर कुणी गेल्याची, नाहीतर जाण्याच्या बेतात असल्याची. त्यामुळे हा सल्ला कधी वाया गेला नाही. औषधाची बाटली आणली तर, "हलवून घ्यायचं, जेवल्यावर." बाकी काही असलं तर, "ठेवून जावा, डोळं दुखत्यात." मग तो कागद पदराखाली घालून त्या पोस्टमास्तरांच्या बायकोकडे जाऊन यायच्या. हे मला फार पुढे कळलं. त्या बायकोनं कुठे तोंड उघडलं नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे.

मी या घरात आले तेव्हा डी.एड. झालेली होते. मला सांगण्यात आलं, सासू कान्व्हेंटची आहे, जपून राहा. मी जपून राहिले. माझं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे त्यांच्यासमोर एक शब्द इंग्रजीतून काढायची मला भीती वाटायची. मुलांच्या वह्या तपासतानासुद्धा मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची. आणि त्यांना माझी भीती वाटायची, कारण मी मास्तरीण. एका छपराखाली आम्ही दोघी अशा वर्षानुवर्षं एकमेकींना भिऊन राहिलो. आज हसू येतं म्हणावं, तर तेही नीट येत नाही.

सासरे गेले. माझ्या नवऱ्याला, आदिनाथला, लोणावळ्यात हॉटेलात नोकरी लागली आणि आम्ही इकडे राहायला आलो. सृष्टी शाळेच्या वयाची झाली. आता माझं ऐका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर वर्षी उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर फिरते, दारात उभी राहून विचारते, घरात शाळेत न जाणारं मूल आहे का, नाव काय, वय काय. आईबापांना पटवते की आपल्या भाषेतली आपली शाळाच चांगली. तीच मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून सेंट मोनिकाच्या फाटकाबाहेर प्रवेशाच्या रांगेत उभी होते. माझ्या वर्गातल्या मुलाचा बाप तिथे रिक्षा घेऊन उभा होता. त्यानं मला ओळखलं आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण रांग सोडली नाही.

मुलाखतीत प्रिन्सिपल सिस्टरांनी विचारलं, आमच्याच शाळेत का? मी ठोकून दिलं, "हिची आजी तुमच्या पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी आहे." सिस्टरांचा चेहरा उजळला. सुरुवातीच्या वर्षांचे कागद वाळवीनं खाल्ले, त्या काळचं कुणी भेटतच नाही, असं म्हणाल्या. सृष्टीला प्रवेश मिळाला. घरी येऊन मी पेढे वाटले. सासूबाईंनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मला वाटलं, साखरेमुळे.

सृष्टी आता नववीत आहे. गेल्या जानेवारीत शाळेला सत्तर वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम ठरला. मुलांनी शाळेच्या इतिहासावर छोटं नाटुकलं बसवलं, सूत्रसंचालन सृष्टीकडे आलं आणि पहिल्या तुकडीतली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणून नंदाबाईंचा सत्कार करायचं ठरलं. सृष्टी नाचतच घरी आली. "आजी, तू स्टेजवर बसणार. दोन वाक्यं इंग्लिशमध्ये बोल हं, फक्त दोन."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचा पाय दुखायला लागला. मग कंबर. मग म्हणाल्या, लांबच्या नात्यात कुणीतरी गेलंय, सुतक आहे. मी आदिनाथला फोन करून विचारलं, कुणी गेलेलं नव्हतं. रविवारी दुपारी त्या पावटे सोलत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले आणि जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "आत्याबाई, पोरीनं सगळ्या शाळेला सांगून ठेवलंय. तुमचं काय चाललंय हे?"

त्यांनी हातातली शेंग ठेवली नाही. शेंगेकडे बघतच म्हणाल्या, "राजी, म्या त्या शाळंची न्हाई."

"म्हणजे?"

"माजं नाव न्हवतं तितं. कदीच न्हवतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी चैत्रात आवणातला राब भाजत होते. भाताच्या रोपासाठी वावरात पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, तो राब. वरून राख गार दिसते, आत निखारा असतो. नंदा त्या राखेत पाय घालून बसली. पाऊल भाजलं. त्याच सुमारास लोणावळ्यात एका जुन्या बंगल्यात पांढऱ्या झग्यातल्या बायका राहायला आल्या होत्या आणि वलवणात बातमी पसरली की सिस्टर आल्यात. आता सरकारी दवाखान्यातली सिस्टर सगळ्यांना ठाऊक होती, इंजेक्शन देते ती. ही दुसरी सिस्टर असते, देवाची आणि शाळेची, हे कुणाच्या गावी नव्हतं. नंदाची आई तिला कडेवर घेऊन त्या बंगल्यावर गेली. बंगल्यात मराठी बोलणारी एकच होती, वसईची, कोवळी पोर, सिस्टर इमेल्डा. आई रडत होती, मूल ओरडत होतं. सिस्टर इमेल्डांनी घरातला कापूस आणला, जांभळं औषध लावलं आणि पट्टी बांधली.

"दुसऱ्या दिशी या म्हनाल्या. आमी गेलो. मंग रोज. जूनात शाळा सुरू झाली, तवा सिस्टर म्हनायच्या, वर्ग सुटला की पट्टी बांदते, तवर हितं बस. म्या व्हरांड्यात बसायची. दार उगडं आसायचं. आत रेल्वेच्या सायबांची पोरं. ती म्हनायची ते म्या म्हनायची."

"आणि मग?"

"दिवाळीला पाय बरा झाला. म्हशी आमची वाट बगत हुत्या." त्यांनी शेंगेतले दाणे ताटात टाकले. "आबा खोटं न्हाई बोललं गं. जात हुती म्हनले. शिकत हुती आसं कुटं म्हनले?"

मला कीव यायला हवी होती. आली ती चीड. मी प्रवेशाच्या वेळी काय सांगितलंय, सृष्टीनं काय सांगितलंय, आता हे बाहेर पडलं तर शाळेत पोरीला तोंड दाखवायला जागा राहील का, असं सगळं मी त्यांना ऐकवलं. आवाज न चढवता ऐकवलं, म्हणजे जास्तच लागेल असं. आम्हा शिक्षकांना ते जमतं. "एवढी वर्षं दडवलंत ना? मग आणखी एक दिवस दडवा. बोलायचं काही नाही. नमस्कार करायचा, शाल घ्यायची आणि बसून राहायचं. कुणाला कळणार आहे?"

त्या पावट्यांचं ताट घेऊन उठल्या. लंगडत स्वयंपाकघरात गेल्या. आतून म्हणाल्या, "तू म्हनतीस तर जाती." आदिनाथला मी काही सांगितलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण मला मिरवायची हौस. सासूचा सत्कार म्हणून मी वडगावच्या मंडळींना बोलावून ठेवलं होतं, ते काही रद्द केलं नाही. चुलत नणंद रेणुका तर पैठणी नेसून पहिल्या रांगेत. तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तळेगाव ओलांडते.

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही शाळेच्या फाटकात उतरलो तशी सृष्टी धावत आली. "आजी, सरप्राइज! सिस्टर इमेल्डा येताहेत. पुण्याच्या वृद्धाश्रमात होत्या, त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. तुझ्या टीचर!" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. अजूनही वेळ होती. रिक्षा फाटकातच उभी होती. अंगात कणकण आहे म्हणून त्यांना परत नेता आलं असतं. मी मनात म्हटलं, त्र्याण्णव वर्षांच्या बाईला काय आठवणार? आणि त्यांच्या पदराची पिन नीट करून त्यांना स्टेजकडे घेऊन गेले.

नाटुकलं छान झालं. पोरी पांढऱ्या चादरी पांघरून सिस्टर झाल्या होत्या. सिस्टर गावात येतात, शाळा काढतात, गावकरी आनंदानं मुलांना घेऊन येतात, असं सगळं. शेवटी सगळ्यांनी हात हातात घेतले. मला माहीत असलेली एक गोष्ट त्यात नव्हती, पण नाटुकलं दहा मिनिटांचं होतं.

मग सृष्टीनं माइकवर आजीचं नाव घेतलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, "माझी आजी," असं म्हणून. तिचा आवाज कापत होता, अभिमानानं. प्रिन्सिपल सिस्टरांनी शाल घातली, नारळ दिला. सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे नमस्कार केला आणि त्या बसल्या. अधू पाय त्यांनी चांगल्या पायामागे घेतला होता. माझा जीव भांड्यात पडला.

सिस्टर इमेल्डा चाकाच्या खुर्चीत होत्या, मुठीएवढ्या झालेल्या. त्यांनी माइक मागितला. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद देतील. त्या खुर्ची ढकलणाऱ्या मुलीला म्हणाल्या, मला तिच्याजवळ ने. आणि माइक हातात धरूनच, मराठीत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नंदा, पाय दाखव."

सासूबाई हलल्या नाहीत. सिस्टरच वाकल्या आणि त्यांनी साडीची निरी बाजूला केली.

"ही माझी विद्यार्थिनी नव्हती," सिस्टर म्हणाल्या. "हिला इथे विद्यार्थिनी म्हणून बसवलंय, पण मला खोटं घेऊन मरायचं नाही. ही माझी पेशंट होती. आणि मी नर्स नव्हते."

मैदानावर कुजबुज सुरू झाली. रेणुकानं मान वळवून मला शोधलं. स्टेजच्या कडेला सृष्टी हातात कार्ड घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि मग पाहू शकले नाही.

सिस्टर थांबल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष त्यांच्या स्वतःच्या पापावर होतं. या बोलण्यानं समोरच्या बाईच्या अंगावरची शाल उतरतेय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. म्हणाल्या, "तिची आई मला सिस्टर म्हणाली आणि मी नाही म्हटलं नाही. मला खरं तर जखम कशी बांधतात तेही येत नव्हतं. दवाखाना स्टेशनजवळ होता. तिकडे जा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण लोक येऊ लागले होते. ताप आला की येत, काटा मोडला की येत. आमच्या मदर म्हणाल्या, येऊ दे, गावाचा विश्वास बसतोय. तो विश्वास बसला, मग दोन वर्षांनी गावातली मुलं शाळेत आली, मोठ्या घरांतली. शाळा उभी राहिली. आणि हिचा पाय असा राहिला. आयुष्यभर मला हा पाय दिसतोय. नंदा, मला क्षमा करशील?"

  सासूबाईंच्या मांडीवर नारळ होता. तो त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, आता उठून चालू लागतील. मला तर वाटत होतं की मीच उठून चालू लागावं. कुणी विचारलं असतं तर ही बाई माझी कुणी नाही असं म्हटलं असतं, इतक्या खालच्या पातळीला मी त्या क्षणी गेले होते.

त्यांनी माइक हातात घेतला नाही. सिस्टरच्याच हातातल्या माइककडे तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "सिस्टर, पाय तुमी न्हाई बिगडवला."

"नाही, नंदा..."

"आयका. पाय म्या बिगडवला. तुमी पट्टी बांदायच्या. म्या घरी जाताना तळ्याकडंला बसायची, पट्टी सोडायची आन आलेली खपली काढून टाकायची. पुन्यांदा बांदायची. आईनं सांगितलंतं, पाय बरा झाला की म्हशीमागं जायाचं. बरा झाला आस्ता तर मला तितं येऊ कोन देनार हुतं?"

सिस्टर तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. 

"लय दुकायचं," सासूबाई म्हणाल्या. "पन बसायला मिळायचं."

"अगं, मग तू विचारलं का नाहीस? मला म्हणायचं, सिस्टर, मला शाळेत घ्या. मी घेतलं असतं तुला."

"इचारायचं आस्तं, हे मला कुटं ठाव हुतं? मला वाटायचं, ज्यांची आसती त्यांची आसती शाळा." मग म्हणाल्या, राग नव्हता आवाजात, म्हणूनच फार लागलं, "तुमी तर रोज बगत हुता, सिस्टर. समदी गानी मला येत हुती. तुमास्नी बी कदी इचारावं वाटलं न्हाई."

सिस्टर इमेल्डांनी चेहरा झाकून घेतला. मी जन्मात एवढ्या म्हाताऱ्या माणसाला लाजेनं रडताना पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला. क्षमा मागायला आलेल्या बाईनं आधी समोरच्याला विचारावं की नाही, हे सगळं चारचौघांत काढू का म्हणून? पण तो राग मला शोभत नव्हता. मी तरी कुठे विचारलं होतं? दारोदार फिरून परक्यांच्या पोरांची नावं विचारणारी मी, एकाच चुलीपाशी इतकी वर्षं काढली आणि हा पाय असा कसा झाला, एवढं मला कधी विचारता आलं नाही.

प्रिन्सिपल सिस्टर हुशार बाई. कार्यक्रम हातातून चाललाय हे बघून त्या उठल्या. माइक घेतला आणि म्हणाल्या, सत्तर वर्षांपूर्वी राहून गेलं ते आज आपण करू या. आज सगळ्यांच्या साक्षीनं नंदाबाईंचं नाव या शाळेच्या पटावर लिहू या. टाळ्यांचा कडकडाट झाला. पालक उभे राहिले. रेणुकासुद्धा डोळे पुसत उभी राहिली, तिचं काय. मीही टाळ्या वाजवत होते, जोरजोरात. सुटलो बाई, झाकलं गेलं, असंच वाटलं मला.

सासूबाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "नगं. आता लिवलं तर तुमची लाज झाकंल. माजी न्हाई झाकायची त्यानं."

खांद्यावरची शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्यांकडे निघाल्या. एवढ्या लोकांसमोर त्या पहिल्यांदाच पाय न लपवता चालल्या असतील. त्यांना उतरवायला सृष्टी पुढे झाली. मी माझ्या जागेवरून उठेपर्यंत त्या दोघी खाली आल्या होत्या.

रिक्षात आम्ही तिघी. सृष्टी मधे. आदिनाथ हॉटेलात ड्यूटीवर, त्याला अजून काही माहीत नव्हतं. बाजारातून जाताना चिक्कीच्या दुकानांसमोर पर्यटकांच्या गाड्या आडव्या लावलेल्या, रिक्षा अडकली. सृष्टी आजीचा हात धरून बसली होती. तिला आजीचा राग आला नव्हता. मी किती घाबरले होते, की पोरीला आजीची लाज वाटेल! तिला वाटली नव्हती. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"आजीचं नाव शाळेत नव्हतं, हे तुला आधी माहीत होतं का? माहीत असून तू तिला तिथे नेऊन बसवलंस का?"

 हो म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा, साधा.

"तिला काय ठाव गं? म्या कुनाला सांगितलंच न्हवतं कदी."

सृष्टीनं सुस्कारा सोडला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. सासूबाई बाहेर बघत होत्या. रिक्षा सुरू झाली. मी सृष्टीच्या केसांवरून हात फिरवत राहिले.